आधी बॅटरीची वायर, मग थ्रॉटल

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथे अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की आमच्या गाडीचं इंजिन थरथरायला लागायचं. आरपीएमचा काटा ७५० वरून ५०० च्या आसपास उतरायचा आणि नेमका त्याच वेळी एसीचा कॉम्प्रेसर लागला तर गाडी बंदच पडायची. लगेच पुन्हा चालूही व्हायची. पण कळव्याच्या पुलाच्या चढाला, मागे ट्रक उभा असताना इंजिन बंद पडणं ही चालवून घ्यायची गोष्ट नव्हे. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पाय दाबला की संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि हे सगळं भर गर्दीत होतं.

गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. रोजचा रस्ता मानपाड्याहून कापूरबावडी, माजिवडा, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली आणि मग रबाळ्याची एमआयडीसी. तिथल्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे. अंतर फार नाही, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच निम्मा वेळ जातो.

घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी बोनेट न उघडताच सांगितलं, "मॅडम, थ्रॉटल बॉडी साफ करायला लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे." ते काम ते कसं करतात हे शेजारच्या गाडीवर चाललेलंच होतं. इंजिन चालू, हवेचा पाईप काढलेला, एक मुलगा रेस देतोय आणि दुसरा थेट आत स्प्रे मारतोय. त्यांचा हात बसलेला असेल, पण माझी नोकरीच अशी आहे की उघड्यावर उडणारं सॉल्व्हंट आणि त्याच्या वीतभर अंतरावर तापलेलं, ठिणग्या पाडणारं इंजिन हे चित्र मला पाहवत नाही. इलेक्ट्रिक थ्रॉटलच्या गाडीत तर अशा वेळी चुकून बोट आत गेलं तर मोटर ते चिमटून धरते. मी गाडी घेऊन घरी आले आणि हे काम आपणच करायचं असं ठरवलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी एसटीत, खोपटच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, डिझेलला आम्ही हवा कधी अडवली नाही. हवा मोकळी सोडायची आणि डिझेल मोजून द्यायचं. तुमच्या पेट्रोलच्या गाडीत उलटं असतं. तिथे हवा मोजायची."

यापेक्षा सोप्या शब्दांत मला कुणी थ्रॉटल समजावून सांगितला नव्हता. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉल मिसळलेलं असेल तर थोडी कमी. म्हणजे किती हवा आत घ्यायची हे ठरलं की किती पेट्रोल सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. ती हवा अडवणारी आणि सोडणारी चकती म्हणजे थ्रॉटलचा बटरफ्लाय. पाचेक सेंटिमीटर व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची नळी, तिच्या मधोमध आडवा दांडा आणि दांड्यावर ही पितळी रंगाची चकती. जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलेटरच्या केबलने ती फिरते. आमच्या गाडीत पेडलला फक्त सेन्सर आहे आणि चकती फिरवायला थ्रॉटल बॉडीवरच एक छोटी मोटर आहे.

सिग्नलला उभं असताना ही चकती जवळजवळ बंद असते. कडेने उरलेल्या केसाएवढ्या फटीतून जी हवा जाते, तिच्यावर इंजिन तग धरून राहतं. कार्बन साठतो तो नेमका याच फटीच्या रेषेवर. इंजिनात पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा धूर आणि तेलाची वाफ बाहेर सोडायची परवानगी नसते. ती पाईपने परत हवेच्या वाटेत आणून जाळली जाते. गाडी धावत असताना ती वाहून जाते, पण गरम इंजिन बंद केल्यावर आतली वाफ वर चढते आणि त्यामानाने गार असलेल्या चकतीवर चिकटते. पुढच्या वेळी तिच्यावर धूळ बसते. रोजची गर्दी, छोटे टप्पे, वारंवार बंद-चालू, यात हा थर लवकर जाड होतो. कॉम्प्युटर चकती थोडी जास्त उघडून बरेच दिवस सांभाळून घेतो. त्याच्या सांभाळण्यालाही मर्यादा असते, आणि एसी किंवा रेडिएटरचा पंखा अचानक लागला की ती उघडी पडते.

पण गाडी आयडलला, म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते याची कारणं अनेक असू शकतात, आणि थ्रॉटल हे त्यातलं फक्त एक. उघडून घासण्याआधी बाकीची वाटेतून दूर केली पाहिजेत. मी आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरला. तो ठीक होता. स्पार्क प्लग गेल्याच सर्व्हिसिंगला बदललेले होते. स्टिअरिंगखाली जे सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावला आणि मोबाईलवर आकडे बघितले. एकही फॉल्ट कोड नव्हता. फ्यूएल ट्रिम, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करण्याची कॉम्प्युटरची दुरुस्ती, शून्याच्या आसपास होतं, म्हणजे कुठल्या फाटलेल्या पाईपमधून हवा चोरून आत जात असण्याची शक्यता कमी. तसं असतं तर आयडल बहुतेक वेळा उलट चढं राहतं. मग गरम इंजिनवर, एसी बंद ठेवून थ्रॉटल किती टक्के उघडा आहे ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करून उपयोग नाही. आपल्या गाडीचा साफ करण्याआधीचा आकडा लिहून ठेवला तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो.

शेवटी इंजिन गार झाल्यावर फिल्टरकडून येणारा रबरी पाईप सैल करून टॉर्चने आत पाहिलं. चकतीच्या कडेला आणि नळीच्या आतल्या भिंतीला काळी, ओलसर कड होती. आता खात्री झाली. ती कड दिसली नसती तर मी पाईप परत बसवला असता आणि दुसरीकडे शोधलं असतं. दर दहा हजार किलोमीटरला थ्रॉटल साफ केलाच पाहिजे असा नियम मला मान्य नाही. मळला असेल तर साफ करावा.

सामान घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने आधी कार्बोरेटर क्लीनर पुढे केला. तो घेऊ नये. कार्बोरेटर क्लीनर तीव्र असतो, काही थ्रॉटल बॉडींच्या आत चकतीच्या रेषेवर जो पातळ थर कंपनीतूनच दिलेला असतो तो त्याने उतरू शकतो, आणि रबरी ओ-रिंग फुगतात. ब्रेक क्लीनर रबर आणि प्लॅस्टिक कोरडं पाडतो. घरात असलेला गंज सोडवायचा स्प्रे तेलकट पापुद्रा मागे ठेवतो, त्यावर धूळ आणखी बसते. डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी आणि ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलाच क्लीनर घ्यायचा. तीन-चारशे रुपयांत मिळतो. ज्या गाड्यांत हवेच्या पाईपवर एअर फ्लो सेन्सर असतो, त्यांनी हा क्लीनर त्या सेन्सरवर उडू देऊ नये. त्याचा क्लीनर वेगळा असतो. आमच्या गाडीत तो सेन्सर नाही, थ्रॉटलच्या पुढे हवा सिलिंडरांत वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवर प्रेशर सेन्सर आहे.

त्याशिवाय नायट्राइलचे हातमोजे, कडेने बंद असलेला चष्मा, लिंट न सुटणारी कापडं, मऊ केसांचा टूथब्रश, आणि चेसिस नंबर देऊन मागवलेली थ्रॉटलची नवी ओ-रिंग. ही शेवटची वस्तू काही रुपयांची, पण आधी हातात असावी. जुनी चपटी झालेली निघाली आणि नवी नसली तर गाडी उघडी पडून राहते.

आता जागेबद्दल, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक लोक तो एका वाक्यात संपवतात. आमचं पार्किंग बेसमेंटला आहे. तिथे हे काम करायचं नाही. अशा क्लीनरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं, जोडीला टोल्युइन किंवा झायलीन. अ‍ॅसिटोन उणे २० अंशालासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ठाण्याच्या हवेत तर ते कायमच त्या स्थितीत असतं. त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, म्हणून ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, उताराने सरकते आणि खोलगट जागेत साचते. हवेत तिचं प्रमाण अडीच टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीवर भडका उडतो. बेसमेंटमध्ये पाण्याचे पंप असतात, लिफ्टचा खड्डा असतो, कुणीतरी स्कूटरचं चार्जिंग लावलेलं असतं. ठिणगीला तिथे तोटा नाही. डबा नीट वाचला तर त्यावर हवेशीर जागी वापरा असं लिहिलेलं असतं. बेसमेंट एरवी कितीही मोठं वाटलं तरी ते हवेशीर नव्हे.

सेक्रेटरींना विचारून रविवारी सकाळी गाडी पाहुण्यांच्या उघड्या पार्किंगमध्ये लावली. येऊरच्या बाजूने वारा येत होता, म्हणून बोनेट वाऱ्याकडे केलं, म्हणजे वाफ माझ्याकडे न येता मागे निघून जाईल. वॉचमनदादांना सांगून ठेवलं की इथे बिडी-सिगारेट कुणाला ओढू देऊ नका. सुती सलवार-कमीज घातला. पॉलिएस्टरला स्थिर वीज साठते. हातातली बांगडी आणि अंगठी काढून ठेवली, कारण बॅटरीवर काम करताना धातू अंगावर नको. पाना एका बाजूने टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूने बॉडीला टेकला, मध्ये अंगठी सापडली, तर क्षणात हाड भाजेल इतका करंट त्यातून जातो. जवळ पावडरचा छोटा फायर एक्स्टिंग्विशर ठेवला. तो गाडीतच असतो, त्या दिवशी बाहेर काढून हाताशी ठेवला. लहान मुलं खेळायला उतरायच्या आत काम आटपायचं होतं.

इंजिन रात्रीपासून गार होतं. बोनेट उघडून मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कुठला पाईप कुठे आणि क्लिपचं तोंड कुठल्या दिशेला ते दिसेल असे.

मग बॅटरी. आमच्या कारखान्यात यंत्रात हात घालण्याआधी त्याची वीज तोडतात आणि स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवतात. यंत्र कुणी दुसऱ्याने चुकून चालू करू नये हा त्यामागचा हेतू. घरी मी तेच केलं. चावी काढून खिशात. स्मार्ट की असेल तर ती गाडीपासून लांब, घरातच ठेवावी. मग १० नंबरच्या पान्याने निगेटिव्हची वायर सोडली आणि तिला जाड कापड गुंडाळून बाजूला वळवून ठेवली. निगेटिव्हच का, हे बाबांना विचारायची गरज पडली नाही, ते स्वतःच म्हणाले, "पॉझिटिव्हला पाना लावून तो बॉडीला टेकला की ठिणगी. निगेटिव्ह आधी निघाली की मग कुठेही टेकू दे." बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, म्हणून ठिणगी तिथे अजिबात नको. वायर काढल्यावर दहाएक मिनिटं नुसतं थांबले, कॉम्प्युटरमधली साठलेली वीज उतरायला. काही गाड्यांत बॅटरी काढली की म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो आधी शोधून ठेवलेला बरा.

वायर न काढता फक्त इग्निशन बंद ठेवून काम चालतं असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. इलेक्ट्रिक थ्रॉटलची मोटर इग्निशन चालू करताच चकती हलवून स्वतःची तपासणी करते. तुमचं बोट आत असताना घरातल्या कुणी खिडकी वर करायला म्हणून चावी फिरवली, तर पुढचं सांगायला नको.

पाईप काढणं पटकन झालं. पक्कडीने स्प्रिंगची क्लिप दाबून मागे सरकवली, तेलाची वाफ परत आणणारा छोटा ब्रीदर पाईप हलकेच फिरवून सोडवला. जुना रबर ओढून काढायचा नसतो, फिरवून चिकटलेलं सुटलं की मग ओढायचा. ब्रीदरच्या तोंडाशी तेलाचा पातळ ओलावा होता. काळ्या कडेचा स्रोत हाच. मग थ्रॉटलचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग. त्याची लॉकची जीभ दाबायची आणि कपलरच धरून काढायचा. वायर धरून ओढली तर आतली पिन निसटते.

इथे मला एक निर्णय घ्यावा लागला. थ्रॉटल बॉडी जागेवर ठेवून पुढून पुसता येते. पण मागच्या बाजूला पोचता येत नाही, आणि ओघळलेला क्लीनर थेट मॅनिफोल्डमध्ये जाऊन साचतो. काही थ्रॉटल बॉडींना कूलंटचे दोन पाईप जोडलेले असतात, त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा हात घालणाऱ्याने ती जागेवरच ठेवून कापडाने पुसावी हे योग्य. आमच्या गाडीला कूलंटचे पाईप नाहीत, फक्त चार बोल्ट आहेत. म्हणून मी ती पूर्ण काढली. चारही बोल्ट तिरपे, समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले. काढल्याबरोबर मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात स्वच्छ लाल कापडाचा मोठा तुकडा घातला, त्याचं टोक बाहेर लोंबत ठेवून. तिथून एखादा वॉशर आत गेला तर तो थेट व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. लाल अशासाठी की बंद करताना तो विसरणं शक्य होऊ नये.

थ्रॉटल बॉडी हातात घेऊन बघितली आणि बाबा टॉर्च धरून वाकले. पुढच्या बाजूने जितकं दिसत होतं त्याच्या दुप्पट कार्बन मागे होता, तपकिरी-काळा, बोटाला चिकट. चकती पूर्ण बंद नव्हती. वीज नसताना आतली स्प्रिंग तिला किंचित उघडी ठेवते. मोटर निकामी झाली तरी गाडी हळूहळू घरापर्यंत यावी यासाठीची ती सोय आहे.

ही चकती बोटाने दाबून उघडायची नाही. मोटर आणि दांडा यांच्यामध्ये प्लॅस्टिकची बारीक दातेरी चक्रं असतात. जोर दिला तर दात झिजतात किंवा सेन्सरचं शून्य सरकतं आणि नवी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते, जिची किंमत हजारांत आहे. केबलच्या जुन्या थ्रॉटलला ही भीती नाही, तिथे चकती हाताने उघडून पुसता येते. मी दोन्ही बाजूंनी पोचू शकत होते, त्यामुळे चकती होती तशीच ठेवून काम झालं.

क्लीनर कधीही थेट बॉडीवर मारला नाही. कापडावर मारायचा, कापड ओलं करायचं, निथळत ठेवायचं नाही. आणि मोटरची बाजू सतत वर धरायची, म्हणजे काही ओघळलंच तर ते दांड्याच्या बेअरिंगमध्ये किंवा मोटरमध्ये न जाता खाली पडेल. दांड्याच्या दोन टोकांना जिथे तो भिंतीत शिरतो, तिथे ग्रीस असतं. ते विरघळलं तर चकती पुढे अडकायला लागते. त्या दोन जागा मी फक्त कोरड्या कापडाने टिपल्या.

ओलं कापड कार्बनवर मिनिटभर नुसतं टेकवून ठेवलं. घासायची घाई केली नाही. थर सैल झाला की एकाच दिशेने पुसायचा, कापडाची घडी बदलायची आणि पुन्हा. पहिली दोन कापडं पूर्ण काळी झाली. चकतीच्या कडेला, जिथे ती भिंतीला जवळजवळ टेकते, तिथे टूथब्रशचे केस क्लीनरने भिजवून हलकेच फिरवले, मग कापडाची सुतासारखी पिळलेली कड त्या फटीतून ओढली. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पेचकसाचं टोक यातलं काहीही तिथे लागता कामा नये. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही आयडलच्या हवेचा हिशेब बदलतो. एका जागी राखाडी, एकसारखा पट्टा उरला होता. बाबा म्हणाले, "अजून घास की." मी नखाने हलकेच पाहिलं, तो चिकट नव्हता, गुळगुळीत होता. तो कंपनीतून दिलेला थर असणार, म्हणून तसाच ठेवला. बाबांनी टॉर्च जवळ नेऊन पाहिलं आणि मान डोलावली. आरशासारखं चकचकीत करणं हा या कामाचा हेतूच नाही. कडेची फट मोकळी झाली की झालं.

मॅनिफोल्डच्या तोंडाची बसायची जागा कोरड्या कापडाने पुसली. थ्रॉटल बॉडी उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वीसेक मिनिटं ठेवली. वास पूर्ण गेल्याशिवाय जोडायचं नाही. तेवढ्यात बाबांनी चहा आणायला सांगितला आणि आम्ही तो गाडीपासून लांब, कट्ट्यावर बसून घेतला. एसटीत असताना डिझेलच्या पंपाचे नोझल कसे तपासायचे, स्प्रे हातावर का घ्यायचा नसतो, दाबाने डिझेल कातडीतून आत कसं शिरतं, हे ते सांगत होते. हत्यारापेक्षा हाताची काळजी आधी, हे त्यांच्याकडून ऐकताना मला आमच्या कारखान्यातलं कुठलंही प्रशिक्षण आठवलं नाही इतकं ते थेट होतं.

जोडताना आधी लाल कापड काढलं. मग सगळी कापडं आणि पाने मोजले, आणलेले तितके बाहेर आहेत ना ते पाहिलं. नवी ओ-रिंग खाचेत बसवली. चारही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवले. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे, त्यात पितळेचे आटे बसवलेले असतात, पान्याच्या जोराने ते फिरून जातात. बोल्ट किती जोराने आवळायचे ते मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटर असं दिलेलं होतं. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना वापरून मनगटाच्या जोरावर थांबावं, दंडाचा जोर लावू नये. कपलर 'टक' असा आवाज होईपर्यंत, मग ब्रीदर, मग मोठा पाईप आणि त्याची क्लिप जुन्या खुणेवर. सगळ्यात शेवटी बॅटरीची वायर.

यानंतरचा भाग लोक गाळतात आणि मग गाडी बिघडली म्हणून घाबरतात. मळलेल्या थ्रॉटलला सांभाळून घेताना कॉम्प्युटरने चकती जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. आता वाट मोकळी झाली, पण सवय तीच राहिली तर आयडल १२००-१५०० ला जाऊन बसतं. बॅटरी काढल्याने बऱ्याच गाड्यांत ती आठवण पुसली जाते. काहींत पुसली जात नाही, तिथे स्कॅनरनेच थ्रॉटलची शिकवणी करावी लागते. आपल्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये बघावी.

मी इग्निशन फक्त ऑन केलं. मोटरचा बारीक आवाज आला. थोडं थांबून ऑफ केलं आणि तेच पुन्हा एकदा. मग अ‍ॅक्सिलेटरला अजिबात पाय न लावता इंजिन चालू केलं. काटा आधी वर गेला, थरथरला, मग हळूहळू खाली आला. रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत तसंच चालू दिलं, मग एसी लावून काही मिनिटं, मग दिवे. हे सगळं उघड्यावरच. बेसमेंटमध्ये इंजिन इतका वेळ चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

स्कॅनरवर गरम इंजिनचा थ्रॉटलचा आकडा आधीपेक्षा दोन टक्क्यांनी उतरलेला होता. आरपीएम ७५० वर स्थिर, आणि एसी लागला की किंचित चढून तिथेच थांबत होता. दुसऱ्या दिवशी विटाव्याच्या पुलाखाली तेवढीच गर्दी होती आणि गाडी एकदाही थरथरली नाही. मायलेज वाढलं का, असं सगळे विचारतात. मला तसा ठळक फरक दिसला नाही आणि दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. या कामाने आयडल सुधारतं आणि पेडल सोडताना-दाबताना बसणारा झटका जातो.

काळी कापडं चुरगळून डस्टबिनमध्ये टाकली नाहीत. सॉल्व्हंटने भिजलेलं कापड बंद डब्यात कोंबलं की तिथे वाफ साचते. ती गॅलरीबाहेरच्या दोरीवर पूर्ण वाळू दिली, मग वेगळ्या पिशवीत बांधून घरातल्या घातक कचऱ्यात दिली. उरलेला डबा कपाटात ठेवला, डिकीत नाही. असे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं. संपलेला डबाही भोकं पाडून किंवा जाळून टाकू नये.

ऑफिसात हे सांगितल्यावर कळव्याच्या एका मैत्रिणीने तिच्या गाडीचा फोटो दाखवला. तिच्या थ्रॉटल बॉडीला कूलंटचे पाईप होते. तिला म्हटलं, तू ती काढू नकोस. बॅटरीची वायर काढ, पुढचा पाईप उघड, ओल्या कापडाने जेवढं पोचेल तेवढंच पूस, आणि मागची बाजू पुढच्या सर्व्हिसिंगला कूलंट बदलतील तेव्हा साफ करायला सांग. दुसऱ्या एकाची टर्बो डिझेल होती. डिझेलमधला काजळीचा प्रश्न वेगळा असतो, ती ईजीआरच्या, म्हणजे जळालेला धूर पुन्हा इंजिनात आणणाऱ्या, वाटेने येते आणि खडीसारखी घट्ट बसते. त्याला मी स्प्रे विकत घेऊ दिला नाही, आधी स्कॅनर लावून घे म्हटलं.